चार्जर कंपनीचा, कचरा कुणाचा?

मोबाईल कंपन्यांनी खोक्यातून चार्जर काढून घेतला आणि या कृतीला पर्यावरणाच्या रक्षणाचे नाव दिले. खोके लहान झाले, जहाजात आणि विमानात जास्त खोकी बसू लागली, कंपनीचा खर्च वाचला. फोनची किंमत मात्र चार्जरच्या किमतीएवढी खाली आली, असे गिऱ्हाइकाला कुठे दिसले नाही. जो चार्जर कालपर्यंत फोनबरोबर मिळत होता, तो आज वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ही पर्यावरणनिष्ठा आहे! पृथ्वी वाचवायची तर तिचा खर्च कुणी करायचा, हा आमचा साधा प्रश्न आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, या कंपन्यांनी गेली पंचवीस वर्षे जो चार्जरचा, वायरींचा आणि बॅटऱ्यांचा ढीग देशात ओतला, तो उपसण्याचे काम कुणाच्या हातांना लागले आहे?

चार्जर हा काय अग्रलेखाचा विषय झाला, असे काही वाचकांना वाटेल. पण मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. आमच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. रेशनचे ई-केवायसी मोबाईलवर, लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी मोबाईलवर, ई-श्रम कार्डाची नोंद मोबाईलवर, बँकेचा ओटीपी मोबाईलवर. शासनाने आपला सगळा कारभार गरिबाच्या खिशातल्या फोनवर नेऊन ठेवला आहे. ज्या दिवशी फोन बंद, त्या दिवशी माणूस शासनाच्या लेखी गैरहजर! तेव्हा फोन चालू ठेवणारी ती वीतभर वस्तू ही आता हक्काच्या गोष्टींत मोडते.

वाळवा तालुक्याचेच उदाहरण घ्या. इस्लामपूरच्या चहूबाजूंनी ऊस आहे. साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्यापासून आसपासच्या सगळ्या कारखान्यांपर्यंत गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. कोप्या पडतात. त्या कोपीत वीज नसते. फोन चार्ज करायचा तर रस्त्यावरच्या टपरीवर, ओळखीच्या शेतकऱ्याच्या मोटारीच्या खोलीत किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावावा लागतो. दहा कोप्यांत मिळून दोन-तीन चार्जर असतात. अशा ठिकाणी एकाची पिन दुसऱ्याच्या फोनला बसली नाही, तर गावाकडे ठेवलेल्या लेकराचा आवाज त्या दिवशी आईच्या कानावर पडत नाही. ज्याच्या घरी भिंतीला आठ प्लग आहेत आणि ड्रॉवरमध्ये सहा चार्जर पडले आहेत, त्याला एकाच पिनेचे महत्त्व कळणार नाही. ते कोपीतल्या माणसाला कळते. म्हणूनच समान चार्जरचा प्रश्न हा आधी गरिबाचा प्रश्न आहे, मग पर्यावरणाचा.

आता थोडा इतिहास पाहू. मोबाईल आपल्याकडे आला तेव्हा नोकियाची जाड पिन वेगळी होती आणि पुढे त्याच कंपनीची बारीक पिन वेगळी निघाली. सॅमसंगची वेगळी, सोनी एरिक्सनची वेगळी, मोटोरोलाची वेगळी. म्हणून दुकानदाराने एका वायरीला पाच-सात तोंडे असलेला चार्जर विकायला ठेवला आणि आपल्या लोकांनी तो घेतला. अॅपल कंपनीने तर आधी तीस टोकांची रुंद पिन चालवली आणि २०१२ साली ती बदलून लायटनिंग नावाची दुसरीच आणली. जुन्या वायरी एका दिवसात कचरा झाल्या! हे विज्ञानाच्या गरजेतून झाले, असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. वीज तीच, तांबे तेच, फोनला लागणारा दाबही जवळपास तोच. फरक होता तो गिऱ्हाइकाला आपल्याच दावणीला बांधून ठेवण्याचा. एकदा आमची पिन घेतलीस की पुढची वायर आमच्याकडूनच घे, असा तो हिशेब होता.

याच्या उलट आपल्या घरातला विजेचा प्लग पाहा. इस्लामपुरात घेतलेली इस्त्री मुंबईत चालते, दिल्लीत चालते. तिथे कंपनीगणिक भोके बदलत नाहीत. कारण तिथे देशाने मानक ठरवले आणि कंपन्यांना ते पाळायला लावले. स्वातंत्र्यानंतर वजनामापाचेही असेच केले. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली. त्याआधी एका भागाचा शेर दुसऱ्या भागाच्या शेराशी जुळत नव्हता आणि त्या गोंधळात नेहमी नाडला जायचा तो अडाणी शेतकरी आणि मजूर. मानक म्हणजे दुबळ्याच्या हाती दिलेला तराजू असतो. जिथे मानक नसते तिथे बलवानाचे माप चालते, हे आमच्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने आठवली पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज, पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्यात होते. देशाच्या वीजपुरवठ्याचे नियोजन शासनाने आपल्या हाती घ्यावे, वीज स्वस्त आणि मुबलक मिळावी, ती केवळ खासगी नफ्यावर सोडू नये, ही भूमिका त्यांनी तेव्हा घेतली. विजेची तार घरापर्यंत आली, पण तारेच्या शेवटच्या तीन फुटांवर कंपनीची मक्तेदारी बसली, तर त्या विजेचा उपयोग काय? चार्जरचा प्रश्न हा त्या शेवटच्या तीन फुटांचा प्रश्न आहे.

जगाने या बाबतीत काय केले ते पाहू. चीनने २००६ साली मोबाईल चार्जरसाठी राष्ट्रीय मानक आणले आणि अडॅप्टरच्या बाजूला यूएसबीचे तोंड सक्तीचे करण्याची वाट धरली. युरोपीय संघाने २००९ मध्ये कंपन्यांना विनंती करून स्वेच्छेचा करार केला. चौदा कंपन्यांनी सह्या केल्या, त्यांत अॅपलही होती. करारामुळे पिनांचे प्रकार कमी झाले, पण अॅपलने आपली पिन सोडली नाही, मध्ये जोड लावून वेळ मारून नेली. स्वेच्छेने सुटणारा प्रश्न नव्हे, हे कळायला युरोपला दहा-बारा वर्षे लागली. शेवटी ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपात विकला जाणारा प्रत्येक नवा मोबाईल, टॅबलेट, कॅमेरा यांना टाइप-सी पिन बंधनकारक झाली. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली गेली. वापराविना पडलेल्या आणि फेकलेल्या चार्जरांचा कचरा युरोपात दरवर्षी सुमारे ११ हजार टन होतो, असा तिथल्या आयोगाचा अंदाज होता. कायदा येतो आहे म्हटल्यावर इतकी वर्षे ताठ राहिलेल्या अॅपलने सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी पिनेसह बाजारात आणला. जे शक्य नाही म्हणून सांगितले जात होते, ते कायद्याचा बडगा दिसताच शक्य झाले!

भारतात काय झाले? ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने कंपन्यांची आणि तज्ज्ञांची बैठक बोलावली. नोव्हेंबर २०२२ च्या बैठकीत स्मार्टफोन, टॅबलेट आणि लॅपटॉप यांना टाइप-सी पिन असावी यावर सहमती झाली. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे भारतीय मानक जाहीर केले. हे पाऊल योग्य होते, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण मानक जाहीर करणे वेगळे आणि ते बंधनकारक करणे वेगळे. पहिल्याने दिशा दिसते, दुसऱ्याने माणूस चालू लागतो. आज बाजारातले बहुतेक नवे स्मार्टफोन टाइप-सीचे आहेत हे खरे. ते मोठ्या प्रमाणात युरोपच्या कायद्याच्या धाकाने आणि कंपन्यांच्या स्वतःच्या सोयीने झाले आहे. दीड-दोन हजारांचा बटणांचा फोन वापरणारा जो मजूर, शेतकरी, म्हातारा माणूस आहे, त्याच्या हातात आजही अनेकदा जुनीच मायक्रो पिन असते. सुधारणा वरून सुरू होते आणि खालच्या पायरीवर पोचेपर्यंत थकून जाते, ही या देशाची जुनी रीत आहे.

पिन एक झाली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. फास्ट चार्जिंगच्या नावाखाली कंपन्यांनी आत वेगवेगळ्या पद्धती बसवल्या आहेत. पिन बसते, पण एका कंपनीचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला पूर्ण वेगाने वीज देत नाही. म्हणजे दार एकसारखे केले, पण आतल्या कुलपाच्या किल्ल्या वेगळ्याच ठेवल्या! युरोपच्या कायद्याने हेही ओळखले आणि वेगाने चार्ज होणाऱ्या उपकरणात ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ ही समान पद्धत असलीच पाहिजे, असे घातले. आपल्याकडे बंधनकारक नियम होईल तेव्हा त्यात ही अट असलीच पाहिजे. नाहीतर कंपन्या पिन सारखी ठेवतील आणि मक्तेदारी आतून चालवतील.

आता खोक्यातल्या चार्जरकडे येऊ. ऑक्टोबर २०२० मध्ये अॅपलने आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढला. जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगने आपल्या महागड्या फोनबाबत तेच केले. लोकांच्या घरी आधीच चार्जर आहेत, मग पुन्हा कशाला, हे त्यांचे म्हणणे. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात दर दोन वर्षांनी फोन बदलतो, तिथे प्रत्येक फोनबरोबर नवा चार्जर म्हणजे निव्वळ कचराच आहे. पण प्रत्येक घर तसे असते काय? ज्याने आयुष्यात पहिलाच स्मार्टफोन हप्त्यावर घेतला, ज्याचा जुना फोन बटणांचा होता, त्याच्या घरी कुठला चार्जर पडला आहे? श्रीमंताच्या ड्रॉवरचा हिशेब करून गरिबाच्या खोक्यातली वस्तू काढायची, हा कुठला न्याय? ब्राझीलच्या न्याय मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अॅपलला चार्जरविना फोन विकण्यास मनाई केली आणि सुमारे १ कोटी २३ लाख रियालचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर. अर्धी वस्तू विकून पूर्ण पैसे घेता येणार नाहीत, असे तिथल्या सरकारने बजावले.

आमचे मत स्पष्ट आहे. प्रत्येकाच्या गळ्यात चार्जर बांधू नका आणि प्रत्येकाच्या हातातून तो काढूनही घेऊ नका. दुकानात फोन दोन्ही प्रकारे मिळाला पाहिजे, चार्जरसह आणि चार्जरविना, आणि दोन्ही किमती खोक्यावर छापलेल्या असल्या पाहिजेत. युरोपच्या कायद्यानेही गिऱ्हाइकाला हा पर्याय दिला आहे. जो चार्जर घेणार नाही त्याचे पैसे कमी झाले पाहिजेत. कचरा टाळल्याचा फायदा कंपनीने एकटीने खाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कारण चार्जर खोक्यातून गेला की गरीब माणूस कुठे जातो? तो एसटी स्टँडबाहेरच्या हातगाडीवर जातो. आठवडी बाजारात पथारीवर जातो. तिथे शंभर-सव्वाशेत बिननावाचा चार्जर मिळतो. त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह नसते, नोंदणी क्रमांक नसतो, बिल तर नसतेच. आत तांबे कमी, संरक्षक भाग गायब. तो तापतो, वास मारतो, कधी ठिणगी टाकतो आणि दोन-चार महिन्यांत मरतो. मग दुसरा घ्यावा लागतो. म्हणजे चार्जर काढून कचरा कमी करण्याची जी बढाई होती, ती खालच्या थरात उलटी होते. एका चांगल्या चार्जरच्या जागी तीन वाईट चार्जर कचऱ्यात जातात. अडॅप्टरला मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, कायदा आहे. पण तो कायदा बाजारात तपासणारा माणूस दिसत नाही. हातगाडीवाल्याला पकडून हा प्रश्न सुटणार नाही, तोही पोटासाठीच उभा आहे. जिथून हा माल घाऊक येतो ती मुळे तपासली पाहिजेत.

आणि आता त्या मेलेल्या चार्जरच्या मागे जाऊ. कारण इथूनच आमचा खरा प्रश्न सुरू होतो.

इस्लामपुरातल्या घरात बिघडलेला चार्जर आधी काही दिवस कपाटावर पडतो. मग दिवाळीच्या साफसफाईत तो ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत जातो किंवा भंगारवाल्याच्या गाड्यावर. भंगारवाला तो किलोवर घेतो. भंगाराच्या गोदामात बायका आणि पोरे बसून वायर वेगळी करतात, प्लास्टिक वेगळे करतात, आतली पट्टी वेगळी करतात. वायरीतले तांबे विकले जाते, पण ते काढण्यासाठी वरचे प्लास्टिक सोलावे लागते. सोलण्यात वेळ जातो, म्हणून ती जाळली जाते. त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये असतात. जुन्या पट्ट्यांवरच्या डागकामात शिसे असते. पट्ट्या पुढे मोठ्या शहरांकडे जातात. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत त्या फोडल्या जातात, तापवल्या जातात, तेजाबात बुडवल्या जातात. हातात मोजे नाहीत, तोंडाला फडके नाही, विमा नाही, हजेरीपट नाही.

हे हात कुणाचे आहेत? या देशात घाणीचे काम कुणाकडे यायचे हे जन्मावर ठरत आले. मेलेले ढोर ओढणारे, गटार उपसणारे, उकिरडा वेचणारे हात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. ई-कचरा ही नव्या शतकाची वस्तू आहे, पण ती जुन्याच हातांत आली. दलित, भटके-विमुक्त आणि गरीब मुसलमान यांच्याच वाट्याला ही नवी घाण आली. फोन बनवणारी कंपनी परदेशातली, फोन वापरणारा सर्व जातींचा, नफा भांडवलदाराचा, आणि धूर मात्र ठरलेल्या वस्तीतला! तंत्रज्ञान बदलले, कामाची वाटणी बदलली नाही. जातिव्यवस्था मोबाईलच्या युगात आपोआप विरून जाईल असे सांगणाऱ्यांनी एकदा भंगाराच्या गोदामात जाऊन पाहावे.

याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचलेल्या माणसाला वायर जाळणारा पोरगा पाहून भीमा आठवल्याशिवाय राहणार नाही. पोटासाठी मुंबईत आलेला भीमा खाणीचे काम बंद पडल्यावर मढ्याच्या राखेत सोने शोधतो आणि त्यातच त्याच्या हाताची बोटे जातात. अण्णा भाऊंनी हे लिहिले तेव्हा मोबाईल नव्हता. आज सर्किटच्या पट्टीवर खरोखरच सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि राखेतून तो शोधणारे भीमाचे वारस खरोखरच बोटे आणि फुप्फुसे गमावत आहेत. वाटेगावच्या लेखकाच्या नावाने जयंत्या करणाऱ्या सत्ताधाऱ्यांना हे दिसत नाही काय?

आकडे पाहा. २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन पुनर्वापरात गेला. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबाने २०१९-२० मध्ये १०.१४ लाख टन असलेला ई-कचरा २०२१-२२ मध्ये १६.०१ लाख टनांवर गेला. दोन वर्षांत दीडपटीहून अधिक! आणि सांगली जिल्ह्यात तर महापूर हा या कचऱ्याचा वेगळाच कारखाना आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णा-वारणा काठच्या गावांत टीव्ही, फ्रीज, मिक्सर आणि चिखलाने भरलेल्या वायरींचे ढीग दारोदारी पडले. पंचनाम्यात त्यांची नुकसानभरपाई कशी धरावी यावर चर्चा झाली. ते ढीग पुढे कुणी उचलले आणि कुठे फोडले, याची चर्चा झाली नाही.

कायदे नाहीत असे नाही. २०११ साली ई-कचऱ्याचे पहिले नियम आले, २०१६ मध्ये दुसरे आले, आणि २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत वस्तूंची यादी २१ वरून १०६ पर्यंत वाढली. वस्तूचे सुटे भाग आणि जोडसामानही त्यात धरले गेले. उत्पादकाने आपल्या मालाच्या प्रमाणात कचऱ्याचा पुनर्वापर करवून घ्यायचा, सुरुवातीची दोन वर्षे ६० टक्के, मग ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के, असे लक्ष्य ठरले. कागदावर हे चांगलेच आहे. पण या नियमांत नोंदणी कुणाची? उत्पादकाची, निर्मात्याची, दुरुस्ती करून पुन्हा विकणाऱ्याची आणि पुनर्वापर कारखान्याची. या चार नोंदण्यांत दारोदार फिरून कचरा गोळा करणाऱ्या माणसाला जागाच नाही! गोळा तो करतो, वेगळा तो करतो, आणि प्रमाणपत्र विकतो कारखानदार.

हे प्रमाणपत्र म्हणजे काय तेही वाचकांनी समजून घ्यावे. पुनर्वापर कारखाना जेवढा कचरा हाताळतो तेवढ्याची त्याला प्रमाणपत्रे मिळतात आणि कंपन्या ती विकत घेऊन आपली जबाबदारी पार पडली असे दाखवतात. ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये दिले पाहिजेत, असे सरकारने ठरवले, तेव्हा काही बड्या कंपन्या २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हा खर्च परवडत नाही म्हणे! ज्यांना खोक्यातून चार्जर काढताना पर्यावरणाचा पुळका आला, त्यांनाच तो चार्जर परत घेण्यासाठी किलोला २२ रुपये जड झाले. आणि या २२ रुपयांतला किती वाटा वायर सोलणाऱ्या बाईच्या पदरात पडावा, हे तर कुठेच लिहिलेले नाही.

तरीही एक कलम आहे, आणि ते आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. ई-कचरा फोडण्याच्या आणि पुनर्वापराच्या कामातील कामगारांना ओळख देणे, त्यांची नोंदणी करणे, त्यांचे गट उभारायला मदत करणे, त्यांना प्रशिक्षण देणे आणि त्यांच्या आरोग्य-सुरक्षेवर लक्ष ठेवणे, ही जबाबदारी या नियमांनी राज्य सरकारवर टाकली आहे. औद्योगिक वसाहतीत या कामासाठी जागा राखण्याचीही जबाबदारी आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना ओळखपत्रे देण्याचे काम नगरपालिकांवर सोपवले होते. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पासून कचरावेचकांचाही समावेश झाला. हक्क कागदावर आला आहे. तो मागणारा आवाज तेवढा कमी पडतो आहे.

हे होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया आहेत. त्यांनी ओळखपत्रे मिळवली, आणि पुढे ‘स्वच्छ’ ही स्वतःची सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला. उकिरड्यावरची बाई घरोघरी हक्काने जाणारी कामगार झाली. ज्या सांगली-सातारा पट्ट्याने सहकाराच्या जोरावर साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या उभ्या केल्या, त्या पट्ट्याला कचरावेचकांची एक सहकारी संस्था उभी करता येऊ नये? की सहकार फक्त ज्यांच्या सात-बाऱ्यावर ऊस आहे त्यांच्यासाठीच असतो?

राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. पाट्या बदलल्या, मिरवणुका निघाल्या. नावाच्या वादात आम्ही इथे शिरत नाही. आम्ही एवढेच विचारतो की, पाटी रंगवायला जेवढा उत्साह लागला त्याच्या दहाव्या हिश्श्याने शहराच्या कचऱ्याकडे पाहिले तर काय होईल? गावाचे नाव कोणतेही असो, उकिरड्यावर वाकलेल्या बाईची पाठ तेवढीच वाकलेली असते.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. केंद्राने टाइप-सीचे मानक बटणांच्या फोनसह सगळ्या मोबाईलना मुदत घालून बंधनकारक करावे आणि वेगवान चार्जिंगची पद्धतही समान करावी. चार्जरसह आणि चार्जरविना अशा दोन किमती खोक्यावर छापणे सक्तीचे करावे. फोन विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने जुना चार्जर, वायर आणि बॅटरी परत घेतली पाहिजे आणि त्याबद्दल गिऱ्हाइकाला काही रक्कम दिली पाहिजे. नगरपरिषदेने घंटागाडीत ई-कचऱ्याची वेगळी पेटी ठेवावी आणि तालुक्यातल्या भंगार गोदामांत काम करणाऱ्यांची नोंद घ्यावी. कामगार खात्याने त्यांना मोजे, मुखपट्टी, वायर सोलण्याचे साधे यंत्र आणि विमा द्यावा, म्हणजे जाळण्याची गरजच उरणार नाही. आणि कंपन्यांच्या प्रमाणपत्राच्या पैशांतला ठरलेला वाटा थेट गोळा करणाऱ्याच्या खात्यात गेला पाहिजे.

राजारामनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय इस्लामपूरच्या शेजारी आहे. आयटीआय आहेत. या संस्थांतून दरवर्षी आमची मुले शिकून बाहेर पडतात आणि नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. दुरुस्ती हाही उद्योग आहे. चार्जरची तुटलेली वायर जोडणे, बिघडलेला भाग बदलणे, वापरता येणारे वेगळे करणे, यातून रोजगार उभा राहू शकतो. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले. तो हक्क गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या पोरापर्यंत आणायचा तर त्याला सुटे भाग आणि माहिती देण्याची सक्ती कंपन्यांवर झाली पाहिजे.

आमच्या वाचकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. बिल न घेता आणि मानक ब्युरोचे चिन्ह न पाहता चार्जर घेऊ नका. जुनी वायर चुलीत किंवा उकिरड्यावर जाळू नका, तो धूर आधी आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. दरवर्षी १४ एप्रिलला गावोगावी जयंती मंडळे रोषणाई करतात. त्याच मंडळांनी विहाराच्या दारात एक पेटी ठेवून वस्तीतले बंद चार्जर, बॅटऱ्या आणि वायरी गोळा कराव्यात, आणि तो माल नोंदणीकृत कारखान्याला देऊन आलेला पैसा वस्तीतल्या कचरावेचक भगिनींच्या बचत गटाला द्यावा. एका तालुक्याने हे करून दाखवले तर दुसऱ्या तालुक्याला निमित्त सांगता येणार नाही.

कंपन्यांना एकाच पिनेवर आणायला युरोपच्या कायद्याला एवढी वर्षे लागली, पण शेवटी त्या आल्या. आपल्याकडे पिन एक होईल, आज नाही तर उद्या. पण पिन एक झाली आणि वायर जाळणारे हात तेच राहिले, तर ती सुधारणा अर्धीच असेल. चार्जर विकताना ज्याने नफा मोजला, त्यानेच तो मेल्यावर उचलण्याचा खर्च मोजावा, आणि जो माणूस तो उचलतो त्याला कामगार म्हणून मान आणि दाम मिळावा. हा दानधर्माचा विषय नाही. हा हक्काचा विषय आहे, आणि तो इस्लामपूरच्या नगरपरिषदेपासून दिल्लीपर्यंत मागितलाच पाहिजे!